पान सतरा

पहिल्याच पानावर आवाज हवा होता.
चित्रकथेत ते सोपं असतं म्हणतात:
कुणी पडलं की धडाम, कुणी चिडलं की फाडकन्,
अक्षरांना जरा दात काढायचे, झालं.
माझ्या चालण्याला मात्र अक्षरं सापडेनात.
गुडघ्याची कडी बसते तेव्हा खट्, इतकं नक्की.
पण बूट ओढला जातो तेव्हा?
शहाबादी फरशीवर एक, मातीत दुसरा,
आणि शाळेच्या लाकडी जिन्यावर तर
अख्ख्या सहावी 'ब'ला कळायचं
मी आत्ता कितव्या पायरीवर आहे.
आठ दिवसांनी लिहिलं: खट्, स्स, खट्.
बाबांना फोनवर वाचून दाखवलं.
"स्स नाही गं. तेल घातल्यावर स्स.
एरवी च्यूं."
शिवणयंत्राच्या तेलाची बुधली त्यांच्याच हातात असायची,
दर रविवारी, कालचा पेपर पसरून.

केतकर, संपादक, भला माणूस.
म्हणाला, प्रत्येक चौकटीत कॅलिपर हवाच का?
मुलांना जड होईल.
म्हटलं, एक किलो आठशे ग्रॅम होता.
मलाही जडच झाला.
त्याने चहा मागवला.

जिना कसा काढायचा, हे कुणी शिकवत नाही.
इतरांचा जिना दोन चौकटींत संपतो:
खाली मुलगी, वर मुलगी,
मध्ये बोटभर पांढरी जागा.
त्या पांढऱ्या जागेत मी शाळेची सात वर्षं काढली.
म्हणून बावीस पायऱ्या, बावीस चौकटी.
छापखान्यातून फोन आला,
मॅडम, एकच चित्र चुकून परत परत आलंय का?

पर्वतीची सहल चार वेळा फाडली.
पहिल्यांदा मी वर पोचले होते, वारा, वेणी, खाली सगळं पुणं.
मग कुणीतरी पाठुंगळी नेलं.
मग मला पंख फुटले, त्यांची तर लाजच वाटली.
चौथ्यांदा काय काढलं ते सांगत नाही.
खरं म्हणजे मी खालीच होते,
बत्तीस वॉटरबॅगा राखत,
सोबतीला पवळेबाई, ज्यांचा गुडघा दुखत नव्हता
आणि दुखतो म्हणाल्या.
शेंगा खाल्ल्या. बाईंनी मुख्याध्यापकांची नक्कल केली.
शेवटी तेच काढलं: शेंगा सोलणारे हात, पानभर,
आणि मागे नखाएवढ्या मुली, चढत असलेल्या.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाला तीन पायऱ्या.
फुटपाथवरूनच विचारलं, कुठे ठेवलंय माझं पुस्तक?
"प्रेरणादायीत."
म्हटलं, विनोदीत ठेवा.
"तिथे जागा नाही," म्हणाले, आणि दुपारचं शटर ओढलं.

मग कोंढव्याची एक शाळा, तळमजल्यावरचा वर्ग.
मुलांनी विचारलं ते नेहमीचंच.
रेहान मुलाणी, इयत्ता चौथी,
वॉकरच्या दांड्यांना बॅटची ग्रिप गुंडाळलेली,
शेवटपर्यंत गप्प.
सगळे गेल्यावर म्हणाला,
"पान सतरा. कॅलिपर डाव्या पायात आहे.
सोळावर उजव्यात."
पाहिलं. होता.
तीन वर्षं, केतकर, मुद्रितशोधक, आई,
कुणाच्याही नजरेला आलं नव्हतं.

सतराव्या पानावर वानवडी आहे.
दोन समांतर दांड्या, मधून मी, समोर भिंतभर आरसा.
मी स्वतःला चालताना
तेवढ्याच एका ठिकाणी पाहिलेलं.
आरशात होतं तसंच हातातून उतरलं.

त्याला सांगितलं हे सगळं.
त्याने विचार केला.
"मग आरसा काढायचा ना."

आणि निघाला. वॉकरचं पुढचं चाक
दारापर्यंत च्यूं, च्यूं.
उंबऱ्याशी थांबला, मागे वळायला त्याला वेळ लागला,
तो मी लागू दिला.
"ते तेल," म्हणाला, "कुठल्या दुकानात मिळतं?"